घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय आणि बजेट कमी आहे? मग या क्रमानं जा

ज्यांना चाली सुचतात, घरी पेटी नाहीतर कीबोर्ड आहे, कामापुरता लॅपटॉप आहे आणि स्टुडिओचे तासाचे दर परवडत नाहीत, अशांसाठी हे लिहितोय. अभंग असो, भावगीत असो, शाळेच्या गॅदरिंगचं गाणं असो नाहीतर मित्राच्या शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत, पद्धत तीच. मी स्वतः हे सगळं घरात बसून केलंय आणि नवीन माणूस कुठे अडकतो त्या जागा आता पाठ झाल्यात.

एक नियम आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वस्तू तेव्हाच घ्यायची जेव्हा तिच्यावाचून होणारा त्रास तुम्हाला तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलाय. व्हिडिओ बघून यादी करून आधी सगळं मागवायचं आणि मग गाणं करायला बसायचं, असं केलं की पैसे भलत्याच ठिकाणी जातात आणि गाणं राहतंच.

१. पहिलं गाणं शून्य खर्चात करा

फोन घ्या, वायरवाले इअरफोन घ्या, आणि बँडलॅबसारखं फुकट अॅप टाका. त्यात एका ट्रॅकवर पेटी, दुसऱ्यावर आवाज, तिसऱ्यावर टाळ किंवा टाळ्या. दोन मिनिटांचं करा, मुखडा आणि एक अंतरा बास. चांगलं नाही झालं तरी पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी ऐका.

आता कागदावर लिहा काय काय खटकलं. पंख्याची घरघर? आवाज घुमतोय? 'प' आणि 'भ' ला फटका बसतोय? पेटी आणि आवाज एकत्र येत नाहीयेत? अंतऱ्यात लय पळतीये? हीच तुमची खरेदीची यादी, आणि गंमत बघा, यातल्या निम्म्या गोष्टी पैशानं सुटतच नाहीत. पंखा बंद करायला काही लागत नाही आणि लय सांभाळायला रियाझच लागतो.

मित्रांना ऐकवायला व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते.

२. कॉम्प्युटर: जो आहे तो आधी वापरून बघा

किमान हवं ते असं: ८ जीबी रॅम, एसएसडी, आणि गेल्या सात-आठ वर्षांतला आय-५ किंवा त्या तोडीचा रायझन प्रोसेसर. यात वीस-पंचवीस ट्रॅकचं गाणं आरामात होतं. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाकणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च, नवीन लॅपटॉप घेण्याआधी हे करून बघा.

रिफर्बिश्ड घेणार असाल तर ऑफिसवापरातले लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड बघा, मजबूत असतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम वाढवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे असला माल आणि दुरुस्ती मिळते. सापळा असा की सातव्या जनरेशनचे आणि त्याआधीचे इंटेल स्वस्तात गळ्यात मारतात. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल लागतो. तेव्हा आठवी किंवा पुढची, त्याखाली जाऊच नका. घेताना दुकानातच हेडफोन लावून एखादं गाणं वाजवा, यूएसबीची सगळी भोकं तपासा आणि लॅपटॉपचा स्वतःचा फॅन किती ओरडतो ते ऐका, कारण तो फॅन तुमच्या माइकमध्ये येणारे.

३. सॉफ्टवेअर: एक निवडा आणि तीन गाणी होईपर्यंत बदलू नका

गाणं ज्यात रेकॉर्ड करून जोडतात त्या सॉफ्टवेअरला डीएडब्ल्यू म्हणतात. माझं मत सरळ आहे, विंडोजवर कमी बजेट असेल तर रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालतं, एकही फीचर अडवत नाही, आणि मग घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. डाउनलोड इतकं छोटं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होऊन जातं आणि जुन्या मशीनवरही पळतं. दिसायला रुक्ष आहे, पण आठवड्याभरात हात बसतो.

बाकीचे पर्याय थोडक्यात. मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड आधीच फुकट आहे, तिथेच सुरू करा. वेवफॉर्म फ्री हे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि ट्रॅकची मर्यादा नाही. एलएमएमएस फुकट आहे, बीट्स करायला छान, पण त्याच्या स्थिर आवृत्तीत माइकवरून थेट रेकॉर्डिंग होत नाही, त्यामुळे गायकांनी नादी लागू नये. एफएल स्टुडिओचा ट्रायल कितीही दिवस वापरता येतो, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. हे माहीत नसताना लोक रात्रभर काम करतात आणि सकाळी कपाळाला हात लावतात.

क्रॅक व्हर्जन कुणी पेनड्राइव्हमध्ये आणून दिलं तर नको म्हणा. व्हायरसचा धोका तर आहेच, पण रोजचा त्रास वेगळा असतो. क्रॅक प्लगिन (डीएडब्ल्यूच्या आत चालणारं जोड-सॉफ्टवेअर) गाण्याच्या मध्येच बंद पडतं, अपडेट करता येत नाही, आणि सहा महिन्यांनी विंडोज बदलली की जुना प्रोजेक्ट उघडत नाही. फुकट आणि कायदेशीर इतकं चांगलं मिळतंय की त्याची गरजच उरलेली नाही.

४. काय काय लागेल आणि साधारण किती

पहिलं गाणं फोनवर झालं, त्रास कळले, आता खिशात हात घालायचा. किमती सेलमध्ये वरखाली होतात, अंदाज असा धरा:

- वायरवाले क्लोज्ड-बॅक (मागून बंद, आवाज बाहेर न सोडणारे) हेडफोन: ३,००० ते ५,०००
- एका माइकचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस: ५,००० ते १२,०००
- डायनॅमिक माइक: २,००० ते ४,०००
- एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची), स्टँड, पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी): १,५०० ते २,५००

म्हणजे साडेअकरा ते साडेतेवीस हजार. एकदम जमत नसेल तर याच क्रमानं एकेक घ्या.

हेडफोन पहिले का? कारण जे ऐकूच येत नाही ते सुधारणार कसं. गेमिंगवाले किंवा बास वाढवलेले नकोत, त्यात सगळंच भारी वाटतं आणि बाहेर गाणं पोकळ वाजतं. ऑडिओ-टेक्निकाचे एम-२० एक्स किंवा त्या वर्गातले कुठलेही चालतील. आणि ब्लूटूथ अजिबात नाही, कितीही महागडे असले तरी. आवाज उशिरा पोचतो आणि त्यावर गायलात की गाणं लयीच्या मागेच पडणार.

इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारी छोटी पेटी. फोकसराइट स्कारलेट सोलो, एम-ऑडिओ एम-ट्रॅक सोलो, बेहरिंगर यूएमसी-२२, यातलं बजेटप्रमाणे घ्या, घरच्या पहिल्या वर्षाला यातला कुठलाही पुरतो. दोन गोष्टी बघायच्या: ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) आहे का, आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे का. दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व पुढे सातव्या मुद्द्यात येईल.

माइकबद्दल लोक सगळ्यात जास्त फसतात. ऑनलाइन हजार-बाराशेला 'स्टुडिओ कंडेन्सर किट' मिळतं, सोबत स्टँड, फोमची टोपी, जाळी, सगळं. फोटोत झकास दिसतं. त्याची केबल एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला इअरफोनची पिन अशी असते, ती लॅपटॉपला लावली की आवाज पुसट येतो आणि मागे सूंऽऽ आवाज चालूच. ते पैसे वाचवा.

आता डायनॅमिक की कंडेन्सर. रस्त्यालगतचं घर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खाली पार्किंग, असं असेल तर डायनॅमिक, डोळे झाकून. तो जवळचं पकडतो आणि लांबचं बरंच सोडतो, तोंडापासून चार-पाच बोटांवर ठेवून गायचं. घर शांत असेल, आवाज नाजूक असेल किंवा सतार-बासरी घ्यायची असेल तर थोडे जास्त घालून ऑडिओ-टेक्निका एटी-२०२० सारखा कंडेन्सर. कंडेन्सरला फँटम पॉवर लागते, डायनॅमिकला नाही. शुअर एसएम-५८ घ्यायचा असेल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, त्याच्या नकली प्रती बाजारात उदंड आहेत आणि डब्यासकट हुबेहूब असतात.

वापरलेलं घ्यायलाही हरकत नाही. इंटरफेस आणि माइक हातात घेऊन, स्वतःचा लॅपटॉप नेऊन तपासता येतात. हेडफोन मात्र शक्यतो नवीन.

५. घरातला जुना कीबोर्ड फेकू नका, तोच मिडी कीबोर्ड

खूप घरांत यामाहाचा पीएसआर किंवा कॅसिओ कपाटावर पडून असतो. मागे बघा, 'यूएसबी टू होस्ट' असं चौकोनी भोक आहे का. यामाहाच्या पीएसआर-आय ४५५ सारख्या भारतीय मॉडेलना ते आहे. प्रिंटरला असते तीच केबल लावली की झाला तुमचा मिडी कीबोर्ड, वेगळा घ्यायची गरज नाही. त्याच्यात तबल्याचे आवाज असतील तर हेडफोनच्या भोकातून इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडून तेही रेकॉर्ड करता येतात.

मिडीमध्ये आवाज जात नाही, कुठली पट्टी किती जोरात आणि किती वेळ दाबली एवढंच जातं. त्यामुळे चुकीचा सूर नंतर माउसनं सरळ करता येतो, आणि बासरीनं वाजवलेलं व्हायोलिनवर ऐकता येतं. ० ते १२७ असे सुरांचे आकडे असतात, मधली पांढरी १ म्हणजे ६०, काळी १ म्हणजे ६१. त्याच ६० ला एक कंपनी सी-३ म्हणते आणि दुसरी सी-४, त्यामुळे सप्तक एकानं वरखाली वाटलं तर घाबरू नका, नाव वेगळंय, सूर तोच आहे.

फुकट आवाजांसाठी: ऑर्केस्ट्राला स्पिटफायरचं बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर, सिंथला व्हायटल आणि सर्ज एक्सटी, ड्रमसेटला एमटी पॉवर ड्रमकिट, आणि वेगवेगळ्या सॅम्पल वाद्यांसाठी डिसेंट सॅम्पलर. एवढ्यावर वर्ष काढा. प्लगिन गोळा करण्यात ज्या संध्याकाळी जातात ना, त्यात अंतऱ्याची चाल बसली असती.

तबला मात्र मिडीवर पट्ट्या दाबून करायला जाऊ नका, निदान सुरुवातीला. डग्ग्याचा घिस्सा, मनगटानं चढवलेली मींड पट्ट्यांवर येत नाही आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. चांगल्या वादकाचे लूप (पुन्हापुन्हा वाजवता येणारे रेकॉर्ड केलेले तुकडे) वापरा, त्याहून चांगलं म्हणजे गावातल्या तबलजींना एक दुपार बोलवा आणि त्यांचं मानधन द्या. एका माइकवर तबला घ्यायचा तर समोर दीड-दोन फुटांवर, तबला आणि डग्गा यांच्या मध्ये रोखून, आणि डग्गा जास्त येतोय का कमी ते ऐकून माइक इंच-इंच सरकवायचा.

६. सूर आणि ताल आधी प्रोजेक्टमध्ये बसवा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हा येतच नाही.

आधी पट्टी ठरवा. गायकाला वरच्या सुरापर्यंत अंतरा गाऊन बघायला लावा, मुखड्यावर पट्टी ठरवली की अंतऱ्यात गळा फाटतो. काळी ४ ठरली तर ती प्रोजेक्टच्या नावातच लिहा.

मग पेटी तपासा. फोनवर ट्यूनरचं अॅप टाका आणि मधल्या सप्तकातली पांढरी ६ दाबून धरा. कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरमधली वाद्यं ४४० हर्ट्झवर असतात, आणि घरची पेटी बऱ्याचदा नसते. समजा ४४५ दाखवलं तर ती जवळजवळ २० सेंट चढी आहे (दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर १०० सेंट). अशी पेटी आणि सिंथ एकत्र वाजवले की कानाला काहीतरी टोचत राहतं, काय ते सापडत नाही, आणि लोक इक्वलायझर (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करायचं साधन) फिरवत बसतात. पेटी ट्यून करून घेणं हा एक उपाय, तो निवांत करा. लगेचचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाद्याच्या फाइन ट्यूनमध्ये २० सेंट चढवायचे. तानपुऱ्याचं अॅप वापरत असाल तर तेही त्याच सुरावर आणा. पेटीच्या सगळ्या पट्ट्या सारख्याच चढ्या असतील असं नाही, दोन-तीन सप्तकांत तपासून सरासरी धरा.

तबल्याचे लूपही एका सुरात लावलेले असतात. काळी १ चा लूप एखाद-दुसऱ्या पट्टीनं सरकवला तर चालून जातो, त्यापुढे ओढलात की चाट प्लास्टिकच्या डब्यासारखी वाजते. तेव्हा लूप घेतानाच पट्टी बघा.

आता ताल. प्रोजेक्ट उघडतो तेव्हा ४/४ असतो. केरवा आणि भजनी ठेका ८ मात्रांचे, ते त्यात बसतात. दादऱ्याला ६/८ करा. रूपकाला ७/८ किंवा ७/४ केलंच पाहिजे, नाहीतर प्रत्येक आवर्तनात सम वेगळ्याच ठोक्यावर पडते, क्लिक (सॉफ्टवेअरचा लयीचा टिक-टिक ठोका) निरुपयोगी होतो आणि नंतर कापाकापी करताना एकही रेघ जुळत नाही.

सुरुवातीला दोन आवर्तनं मोकळी सोडा. आपल्याकडे मुखडा कितीतरी वेळा समेच्या आधीच्या मात्रेपासून उचलतात, आणि प्रोजेक्ट शून्यापासून सुरू केला की त्या उचलीला जागाच उरत नाही.

आणि क्वांटाइझ. हे बटण सगळे सूर अचूक रेघेवर नेऊन बसवतं. पाश्चात्त्य बीटला ठीक आहे, पण भजनी ठेक्याचा जो झुलता डौल आहे तो रेघांच्या मधल्या जागेत राहतो, शंभर टक्के क्वांटाइझ केलं की तो मरतो. पन्नास-साठ टक्क्यांवर थांबा किंवा फक्त जे सूर उघड चुकलेत तेच हलवा. सुरुवातीला आलाप असेल तर तिथे क्लिक बंद ठेवा.

७. लेटन्सी: सेटिंगची एकमेव खरी डोकेदुखी

तुम्ही गाता आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा येतो, ही लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज थोडाथोडा साठवून पुढे ढकलतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. तेही एका बाजूचं, जाण्यायेण्याचं मिळून दुपटीच्या वर जातं. वीसच्या पुढे गेलं की गाणाऱ्याची लय डगमगायला लागते.

रीपरमध्ये कंट्रोल आणि पी दाबा, ऑडिओच्या खाली डिव्हाइस उघडा, एएसआयओ (आवाज कमी उशिरानं पोचवणारी ड्रायव्हरची पद्धत) निवडा आणि इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर दिसतोय का बघा. तो आधी कंपनीच्या साइटवरून टाकावा लागतो. नसेलच तर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर चालतो, फक्त तो चालू असताना ब्राउझरमधला आवाज बंद पडू शकतो, बिघाड झाला म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करायला काढू नका.

रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६, मिक्स करताना १०२४. टकटक, चरचर ऐकू आली की बफर एक पायरी वाढवा. आणि इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो, लेटन्सीचा प्रश्नच मिटतो. फक्त मग सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटर बंद करा, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील.

सॅम्पल रेट ४८,००० आणि २४ बिट ठेवून विसरून जा. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांचं वीस ट्रॅकचं गाणं ८६० एमबीच्या आसपास. प्रोजेक्ट सेव्ह करताना वेगळा फोल्डर करा आणि सगळ्या फाइली त्यात कॉपी करण्याची खूण टिक करा. ही खूण राहिली की फाइली लॅपटॉपभर विखुरतात. दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह लावा, लाइट जाण्याची पद्धत असेल तिथे तर नक्कीच, आणि रोज काम संपलं की फोल्डर ड्राइव्हवर चढवा.

८. खोली: इथे पैसे नाही, डोकं लागतं

घरात उभं राहून टाळी वाजवा आणि फिरा. हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती असतात, टाळी टणटणते. जिथे गादी, कपडे, पडदे असतात तिथे ती लगेच विझते. तीच जागा तुमचा डबिंग रूम, बहुतेक घरांत ती बेडरूममध्ये कपड्यांच्या कपाटाजवळ सापडते.

बहुतेक लोक माइकच्या मागे फोम लावतात. खरी गरज गाणाऱ्याच्या पाठीमागे असते. साधा व्होकल माइक समोरून ऐकतो, मागचं कमी ऐकतो, त्यामुळे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्याच्या तोंडात जातो. दोरी बांधून पाठीमागे आणि एका बाजूला दोन जाड गोधड्या सोडा, भिंतीपासून वीतभर लांब. एकावर एक दोन चादरी नाही चालत, वजनदारच हवं, आजीच्या हातची जुनी कापसाची गोधडी सगळ्यात सरस. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी आवाज शोषला जात नाही, आणि कागदी असल्यामुळे आगीचा धोका.

लोखंडी कपाट ही लपलेली अडचण आहे. खालच्या सुराला त्याचं दार किंवा वरची ट्रंक बारीक झणझणते. हेडफोन लावून 'सा' पासून खाली 'प' पर्यंत लांब आकार लावा आणि काय वाजतंय ते शोधा, घडी केलेला कागद दाराच्या फटीत खोचला की बंद.

पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं बंद असेल अशी वेळ धरा. लॅपटॉपचा चार्जर लावला की गुंऽऽ येतंय? चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गेला आवाज, तर घराच्या प्लगला अर्थिंग नीट नाही असं बहुधा निघतं, वायरमनला दाखवून घ्या, ते एरवीही धोक्याचंच आहे.

९. डबिंग

आधी पेटी आणि क्लिकवर एक कच्चा आवाज घ्या, त्यावर बाकीची वाद्यं बसवा आणि पक्का आवाज शेवटी. गायक सजलेल्या गाण्यावर खुलून गातो.

गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) असा ठेवा की सगळ्यात जोरातली तान उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये जाईल. लाल दिवा लागला की तो टेक गेला, फाटलेला आवाज परत जोडता येत नाही. कमी रेकॉर्ड झालं तर वाढवता येतं, २४ बिटमध्ये त्याचं नुकसान नाही. पॉप फिल्टर तोंडापासून चार बोटं आणि 'फ', 'भ', 'प' अजूनही आपटत असतील तर माइक जरासा बाजूला, गालाच्या रेषेत.

हेडफोनचा एक कान उघडा ठेवून गायची सवय पुष्कळांना आहे, सूर कळतो म्हणून. त्या उघड्या कपातून क्लिक माइकमध्ये जातो आणि शांत जागी टिक-टिक ऐकू येते. तो कप डोक्याला दाबून ठेवा किंवा त्या बाजूचा आवाज बंद करा.

संपूर्ण अंतरा सलग तीन-चारदा गाऊन घ्या आणि त्यातून ओळी निवडा. शब्दाशब्दाला थांबून जोडलेलं गाणं सुरात असतं पण त्यातला श्वास तुटतो. पेटी घेताना माइक भात्याकडे नको, वरून फूट-दीड फुटावर पट्ट्यांच्या पलीकडच्या बाजूला ठेवा, आणि अंगठ्या-बांगड्या काढा.

१०. मिक्सिंग, जेवढं पुरेसं आहे तेवढंच

सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायचे दांडे) खाली घ्या. आधी आवाज वर आणा, मग त्याला धक्का न लावता एकेक वाद्य. नुसत्या व्हॉल्यूमनं सत्तर टक्के काम होतं. मग आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापा, घरघर जाते. पेटी आणि आवाज एकाच भागात भांडतात, तेव्हा पेटी थोडी एका बाजूला सरकवा आणि आवाज जिथे चमकतो तिथे पेटी दोन-तीन डेसिबल खाली घ्या. याला टीडीआर नोव्हा हा फुकट इक्वलायझर पुरतो. माइकमुळे 'स', 'श', 'च' टोचत असतील तर तिथेही तोच वापरा.

रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न लावता एका वेगळ्या ट्रॅकवर एकच लावा आणि सगळ्यांना त्यात पाठवा. आपल्याकडे आवाजाला रिव्हर्ब भरपूर घालायची हौस आहे, आणि भावगीतात शब्द कळले नाहीत तर गाणंच पोचत नाही. ज्याला शब्द माहीत नाहीत अशा माणसाला ऐकवा आणि ओळ लिहायला सांगा. जिथे तो अडखळला तिथे रिव्हर्ब कमी.

फोनच्या स्पीकरवर, टीव्हीवर, कुणाच्या गाडीत ऐकून बघा. शेवटी यूलीन लाउडनेस मीटर लावून साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) आसपास आणि वरचं टोक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. स्पॉटिफाय उणे १४ ला आणून वाजवतं, यूट्यूबही जोराची गाणी खाली ओढतं, त्यामुळे गाणं चेपून मोठं करण्यात काही मिळत नाही.

११. गाणं बाहेर सोडण्याआधी

जुन्या संतांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या संगीतकारानं त्याला लावलेली चाल त्याची असते. भारतात गीताचा आणि चालीचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. त्यामुळे रेडिओवर ऐकलेल्या चालीत अभंग गायलात आणि 'पारंपरिक' लिहून टाकलंत तर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. मूळ रेकॉर्डिंगला पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावर कव्हर करता येतं, पण हक्कदाराला आधी कळवून आणि रॉयल्टी भरून. सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःची चाल.

कवी मित्र असला तरी दोन ओळींचं लिहून घ्या: शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे आले तर वाटणी कशी. तबलजींना मानधन दिलं असेल तर तेही त्यातच नोंदवा. तुम्ही गीतकार किंवा संगीतकार म्हणून नियमित काम करणार असाल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सदस्यत्व बघा. लूप वापरले असतील तर त्यांचा परवाना सेव्ह करून ठेवा, उद्या क्लेम आला तर तोच दाखवायचा.

स्पॉटिफाय वगैरेंवर गाणं थेट चढवता येत नाही, मधला डिस्ट्रिब्युटर लागतो. राउटनोटची फुकट योजना आहे, ते कमाईतले १५ टक्के ठेवतात. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं. तयार ठेवा: २४ बिटची वेव्ह फाइल, चौरस कव्हर ज्यातला फोटो आणि फॉन्ट तुमच्या हक्काचा आहे, गायक-गीतकार-संगीतकारांची पूर्ण नावं, गाण्याचे शब्द, पॅन आणि बँकेचे तपशील. अमेरिकन कंपनी असेल तर त्यांच्या टॅक्सचा एक फॉर्म ऑनलाइन भरायला लावतात, त्यात नाव पॅनवर आहे तसंच टाका. आणि कलाकार म्हणून जे नाव रोमन लिपीत द्याल त्याचं स्पेलिंग पहिल्याच गाण्याला ठरवून टाका, पुढच्या गाण्याला एक अक्षर जरी बदललं तरी वेगळ्याच कलाकाराचं पान तयार होतं आणि ते एकत्र करून घ्यायला डिस्ट्रिब्युटरच्या सपोर्टला मेल करत बसावं लागतं.